रांगेचे शेपूट कुठवर आले?

हाँगकाँगमध्ये रस्ता तुंबला की कँटोनीज बोलणारा माणूस ‘सक-छे’ म्हणतो. ‘छे’ म्हणजे गाडी आणि ‘सक’ म्हणजे तुंबणे. नाक चोंदले तरी क्रियापद हेच, मोरीचे पाणी उतरेनासे झाले तरी हेच. 2021च्या जनगणनेनुसार तिथल्या 88.2 टक्के लोकांची रोजची भाषा कँटोनीज आहे, त्यामुळे हा शब्द दररोज किती तोंडांतून निघत असेल याची कल्पना करता येते. सरकारी कागदावर त्याची जागा ‘काउ-थुंग चाइ-सक’ हा भारदस्त जोडशब्द घेतो. वाहतुकीची दाटी होऊन ती अडली, एवढाच त्याचा अर्थ. बोलताना एक आणि लिहिताना दुसरे, ही हाँगकाँगची जुनी रीत आहे, कारण तिथे बोलतात कँटोनीज आणि लिहितात बहुतांशी प्रमाण चिनी. पण मला इथे ज्या शब्दाविषयी लिहायचे आहे तो या दोन्हींहून वेगळा आहे आणि बोलण्यात तसाच छापील मजकुरातही सुखाने वावरतो. गाड्यांच्या रांगेला कँटोनीजमध्ये ‘छे-लुंग’ म्हणतात, म्हणजे गाड्यांचा ड्रॅगन. त्या रांगेचे शेवटचे टोक ‘लुंग-मेइ’, म्हणजे ड्रॅगनचे शेपूट. हाँगकाँगच्या रेडिओवरची वाहतुकीची बातमी या शेपटाशिवाय पुरी होत नाही, आणि मला वाटते की तिची खरी ताकदही तिथेच आहे. कोंडीविषयी सार्वजनिक ठिकाणी बोलायचे तर रांगेचे टोक कुठे आहे आणि तोंडाशी काय अडले आहे हे सांगितलेच पाहिजे, अशी शिस्त या शब्दाने लावली. ती शिस्त कोणत्याही मोठ्या शहराने उचलावी इतकी मोलाची आहे.

ही बातमी ठरावीक घडणीची असते. आधी रस्ता किंवा बोगदा, मग दिशा, मग कारण, मग कोणती मार्गिका अडली ते (‘फाइ-सिन’ म्हणजे जलद मार्गिका, ‘मान-सिन’ म्हणजे धिमी) आणि शेवटी शेपूट. बंदराखालून जाणाऱ्या हुंग होमच्या बोगद्याचे कँटोनीजमधले लाडके लघुनाम ‘हुंग-सुइ’ असे आहे. कौलूनकडून हाँगकाँग बेटाकडे जाताना या बोगद्याची रांग वाढली की निवेदक सांगतो, शेपूट प्रिन्सेस मार्गारेट रोडवर ओइ मान वसाहतीपाशी आले आहे. बेटाच्या बाजूने येताना हेच शेपूट ग्लॉस्टर रोडवरच्या एखाद्या ठळक इमारतीपाशी असते. किती किलोमीटर, किती मिनिटे, हे त्यात येत नाही. मोजमाप होते ते ठिकाणांनी. ओइ मान ही सार्वजनिक घरबांधणीतली जुनी वसाहत, तिथली बस पकडणाऱ्याला, टॅक्सी चालवणाऱ्याला, तिच्यासमोरून रोज जाणाऱ्याला शेपूट तिथवर आले म्हणजे आज किती वाईट दिवस आहे हे आकडा न ऐकताच कळते. कालचे शेपूट कुठे होते तेही त्याच्या लक्षात असते, म्हणून दोन दिवसांची तुलना तो मनातल्या मनात करू शकतो. शहराचा एक नकाशा अशा रीतीने लाखो लोकांच्या कानात तयार होतो, आणि विशेष म्हणजे तो सगळ्यांच्या कानात सारखाच असतो.

रांगेचे टोक इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर रस्त्याच्या गणितात आहे. एखाद्या अरुंद जागी जितक्या गाड्या पुढे सरकतात त्याहून जास्त मागून येत राहिल्या की रांग उलट दिशेने, म्हणजे मागे मागे वाढते. गाड्या पुढे जात असतात आणि शेपूट मागे सरकत असते. 1955 साली लाइटहिल आणि व्हिटम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी महामार्गावरच्या गाड्यांच्या या मागे सरकणाऱ्या लाटेचे गणित मांडले आणि वाहतूकशास्त्र आजही त्याचा आधार घेते. मागे सरकणारे शेपूट जेव्हा एखाद्या चौकात शिरते तेव्हा खरा अनर्थ होतो, कारण त्या बोगद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या गाड्या त्यात अडकतात. हुंग-सुइच्या बाबतीत नेमके हेच वर्षानुवर्षे होत आले. बोगद्याचे कौलूनकडचे तोंड आणि बेटाकडचे कॉजवे बेजवळचे तोंड, दोन्ही शहराच्या अगदी मध्यात आहेत. समुद्र ओलांडणाऱ्यांची रांग वाढत वाढत गावातल्या गावात जाणाऱ्यांचे रस्ते गिळते. कौलूनमध्येच एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत निघालेला माणूस बेटावर जाणाऱ्यांच्या रांगेत अर्धा तास घालवतो. म्हणून तोंडाची जागा समजल्याने जेवढे कळत नाही तेवढे शेपटाची जागा समजल्याने कळते. त्रास कुठून सुरू झाला हे तोंड सांगते, आणि तो कुणाकुणापर्यंत पोचला हे शेपूट.

इथे कुणी म्हणेल की हे ड्रॅगनचे कौतुक बाहेरच्या माणसाचे आहे, बोलणाऱ्यांना त्यात ड्रॅगन दिसतही नाही. हे अगदी बरोबर आहे. ‘लुंग’ हा शब्द चिनी भाषांत अनेक ठिकाणी झिजून गुळगुळीत झाला आहे. माणसांच्या रांगेला कँटोनीजमध्ये ‘यन-लुंग’ म्हणतात, पाण्याच्या नळाच्या तोटीच्या नावातही ड्रॅगनचे डोके असते, आणि कौलून हे नावच मुळात नऊ ड्रॅगन या अर्थाचे आहे. कौलूनकडे जाणाऱ्या रांगेचे शेपूट सांगताना निवेदकाच्या डोळ्यांसमोर एकही ड्रॅगन उभा राहत नसणार. मला या प्रतिमेच्या सौंदर्याशी कर्तव्य नाही. ड्रॅगन विसरला गेला तरी त्याचे अवयव शब्दांत उरले, आणि त्या अवयवांमुळे रांगेला डोके आणि शेपूट अशी दोन टोके मिळाली, एवढाच भाग माझ्या कामाचा आहे. मराठीतही लांबलचक गोष्टीला आपण शेपटाची उपमा देतो, पण ते शेपूट मारुतीचे. काम मारुतीच्या शेपटासारखे वाढत गेले, असे म्हणताना त्याला अंत नाही हेच सुचवायचे असते. हाँगकाँगच्या बातमीतले शेपूट नेमके कुठे संपते हे सांगण्यासाठीच उच्चारले जाते.

या शेपटाच्या भोवती कँटोनीजने रस्त्याची आणखी एक शब्दसृष्टी उभी केली आहे, आणि तिच्यातला बराचसा भाग डोक्याकडचा, म्हणजे कारणांचा आहे. वाटेत बंद पडलेली गाडी म्हणजे ‘सेइ-फो’, आग विझलेली. हा शब्द इतका मुरला आहे की एखादी गोष्ट हातची गेल्याचे लक्षात आले की माणूस तोंडाने ‘सेइ-फो’ म्हणतो, मग तिथे गाडी असो वा नसो. रांगेत मध्येच घुसणे म्हणजे ‘ता-चिम’. रस्त्यावर मांडलेल्या नारिंगी शंकूंना ‘स्युत-कोउ-थुंग’, म्हणजे आइस्क्रीमचा कोन म्हणतात, आणि ते दिसले की पुढे खोदकाम आहे हे समजायचे. गाडी उभी करणे म्हणजे ‘पाक-छे’, यातला ‘पाक’ सरळ इंग्रजी पार्कमधून आला. रस्ता जिथे अरुंद होतो ती जागा बाटलीची मान, तीही इंग्रजीवरून घेतलेली, फक्त बाटलीसाठी शब्द कँटोनीजचा आपला. माणसांची रांग जागेअभावी वेटोळे घालू लागली तर तिला सापाची चकली पडली अशा अर्थाचा एक खास शब्द आहे. म्हणजे हा साठा शुद्ध, प्राचीन वगैरे काही नाही. बंदराच्या शहरात जे शब्द हाताला लागले ते बसचालकांनी, टॅक्सीवाल्यांनी, बातमीदारांनी कामाला लावले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठे, काय, कशामुळे यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर देतो, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. भाषेत शब्द आहे म्हणून बोलणाऱ्याचा विचार तसा होतो, हा सिद्धान्त अनेकदा ताणला गेला आहे आणि त्याच्या नावाखाली बरेच भाबडे लिखाण झाले आहे. मी तो दावा करत नाही. कँटोनीज बोलणाऱ्याला कोंडी वेगळी दिसते असे मला म्हणायचे नाही, आणि मराठी बोलणाऱ्याला रांगेचे टोक दिसत नाही असे तर मुळीच नाही. माझा मुद्दा ऐकणाऱ्याच्या डोक्याविषयी नसून सांगणाऱ्याच्या जबाबदारीविषयी आहे. ‘अमुक भागात वाहतूक संथ आहे’ हे वाक्य कुणीही, खोलीत बसून, रोज सकाळी न चुकता म्हणू शकते, आणि ते बहुतेक दिवशी खरेही ठरते. ‘शेपूट ओइ मान वसाहतीपाशी आहे’ हे वाक्य म्हणायचे तर कुणीतरी ते शेपूट पाहिलेले असावे लागते, मग ते रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून असो, पोलिसाच्या डोळ्यांनी असो की रांगेतल्या चालकाने दिलेल्या खबरीवरून. शिवाय हे वाक्य चुकीचे असेल तर तिथे उभ्या असलेल्या कुणालाही ते लगेच कळते. ज्या विधानाची चूक पकडता येते त्याच विधानावर विश्वास ठेवता येतो. ‘लुंग-मेइ’ हा शब्द निवेदकाला पकडले जाण्याची तयारी ठेवूनच बोलायला लावतो. त्याचा उपयोग विचार घडवण्यात फारसा नसेल, पण पुरावा मागण्यात नक्की आहे.

या पुराव्याचा उपयोग हाँगकाँगच्या सार्वजनिक वादात कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. बंदर ओलांडणारे तीन रस्ते-बोगदे तिथे आहेत. हुंग होमचा 1972 सालचा, पूर्वेचा 1989 सालचा आणि पश्चिमेचा 1997 सालचा. पहिल्या दोहोंत प्रत्येक दिशेला दोन मार्गिका, पश्चिमेच्या बोगद्यात तीन. पण तिन्ही बोगदे खासगी कंपन्यांनी बांधून ठरावीक मुदतीसाठी चालवायचे, अशा कराराखाली झाले. हुंग होमचा मधला बोगदा 1999 साली मुदत संपून सरकारकडे आला, पूर्वेचा 2016 साली, आणि पश्चिमेचा थेट 2 ऑगस्ट 2023 रोजी. त्याआधी कितीतरी वर्षे खासगी मोटारीला मधल्या बोगद्यात 20 हाँगकाँग डॉलर, पूर्वेच्या बोगद्यात 25, आणि सर्वांत रुंद असलेल्या पश्चिमेच्या बोगद्यात शेवटी 75 डॉलर पडत. म्हणजे सर्वांत गर्दीच्या जागी असलेला, कमी मार्गिकांचा बोगदा सर्वांत स्वस्त, आणि ज्याच्यात जागा होती तो सर्वांत महाग. शेपूट नेहमी मधल्या बोगद्याच्याच मागे वाढायचे यात नवल ते काय? आणि हे सामान्य प्रवाशाला अहवाल वाचून कळावे लागले नाही. रोज संध्याकाळी तीन बोगद्यांची तीन शेपटे रेडिओवर एकापाठोपाठ एक सांगितली जात आणि त्यांतले एक दुसऱ्यांहून किती लांब आहे हे ऐकणाऱ्याला समजत असे.

म्हणूनच सरकारने जेव्हा ‘साम-सुइ फन-लौ’, म्हणजे तीन बोगद्यांत प्रवाहाची वाटणी, हा प्रस्ताव आणला तेव्हा तो कशाविषयी आहे हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. वाद झाला तो कुणी किती पैसे द्यायचे यावर. मधल्या आणि पूर्वेच्या बोगद्याचा पथकर 40 डॉलर आणि पश्चिमेचा 50 करावा, अशी सूचना जानेवारी 2019 मध्ये विधिमंडळापुढे यायची होती. अनेक पक्षांकडून विरोध झाल्यावर ती मागे घेण्यात आली. पुढे पश्चिमेचा बोगदा ताब्यात आला त्याच दिवशी, ऑगस्ट 2023 मध्ये, तो 60 डॉलर आणि उरलेले दोन 30 डॉलर असे दर लागू झाले. 17 डिसेंबर 2023 पासून वेळेनुसार बदलणारा पथकर आला. गर्दीच्या वेळी पश्चिमेला 60 आणि उरलेल्या दोहोंना 40, दिवसाच्या इतर वेळी तिन्हींना 30, रात्री तिन्हींना 20. या धोरणाची बाजू घेणारे आणि विरोध करणारे, दोघेही शेपटाच्या जागेचाच दाखला देत. एखाद्या शहरात पथकरासारख्या किचकट प्रश्नावर दोन्ही बाजूंना मान्य असलेले एकच मोजमाप असावे, आणि ते रस्त्यावरच्या माणसाच्या भाषेत असावे, ही लहान गोष्ट नाही. बहुतेक शहरांत अशा वादात एक बाजू सल्लागार कंपनीचे कोष्टक दाखवते, दुसरी आपला संताप, आणि दोघांना जोडणारा एकही शब्द सापडत नाही.

पण म्हणून या शब्दांनी हाँगकाँगची कोंडी सोडवली का? नाही. 1972 पासून पथकराची नीट वाटणी व्हायला पन्नासहून अधिक वर्षे गेली, तीही शब्दांमुळे नव्हे तर कराराची मुदत संपल्यामुळे. उलट या शब्दसृष्टीत एक आंधळी जागाही आहे, आणि तिची कबुली दिल्याशिवाय माझा युक्तिवाद प्रामाणिक ठरणार नाही. डोके आणि शेपूट पाहण्याची सवय लागली की दोष नेहमी डोक्याशी शोधला जातो. बंद पडलेली गाडी, खोदकाम, बोगद्याचे तोंड, चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाड्या यांवर बोट ठेवता येते. मुळात रस्त्यावर गाड्याच फार झाल्या आहेत, हे मात्र कुठल्याही एका जागी दाखवता येत नाही. 2014 साली वाहतूक सल्लागार समितीने कोंडीवर सविस्तर अहवाल दिला तेव्हा हेच पुढे आले. 2003 ते 2013 या दहा वर्षांत वाहने सुमारे 30 टक्क्यांनी वाढली होती, रस्ते त्या मानाने फारच कमी वाढले होते, आणि शहरी भागातला सरासरी वेग घसरला होता. रोजच्या शेपटाच्या बातमीतून ही संथ वाढ कळत नाही. दररोज थोडे थोडे लांबणारे शेपूट माणसाच्या सवयीचे होऊन जाते. हाँगकाँगने 1983 ते 1985 या काळात रस्ता वापराचे पैसे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने आकारण्याचा जगातला पहिला मोठा प्रयोग केला होता. तंत्र चालले, पण गाडी कुठे जाते याची नोंद सरकारकडे राहील या भीतीने आणि एकूण विरोधामुळे तो गुंडाळावा लागला. गाड्यांची संख्या कमी करण्याची बाब आली की शहराचा सगळा स्पष्ट शब्दसाठा अपुरा पडला, हे मान्य करावे लागते. ती उणीव आकडेवारीनेच भरावी लागते, आणि 2014च्या अहवालाने ती भरायचा प्रयत्न केला. शेपटाची बातमी रोजची आहे, तिच्याकडून दशकाचा हिशेब मागू नये.

दुसरा आक्षेप फोनमधल्या नकाशाचा. लाल, नारिंगी, हिरव्या रेघा प्रत्येकाच्या हातात असताना रेडिओवरचे शेपूट हवे कुणाला? हाँगकाँगच्या परिवहन खात्याचे अ‍ॅपही मिनिटांत वेळ सांगते. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, तरी पटत नाही, आणि त्याचे मुख्य कारण हाँगकाँगचे प्रवासी आहेत. तिथल्या दहापैकी जवळजवळ नऊ फेऱ्या सार्वजनिक वाहनांनी होतात. बसमध्ये बसलेल्याला गाडी दुसऱ्या रस्त्याने वळवता येत नाही, पण शेपूट पुढच्या थांब्याच्या आत आले आहे हे कळले तर उतरून मेट्रो धरता येते, आणि त्यासाठी त्याला रंगीत रेघेपेक्षा ओळखीच्या थांब्याचे नाव जास्त उपयोगी पडते. शिवाय नकाशा प्रत्येकाला वेगळा मार्ग सुचवतो, त्यामुळे त्याचे ज्ञान ज्याचे त्याच्यापाशी राहते. बातमी सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी सांगते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तिच्यावर बोलू शकतात. तिसरी गोष्ट म्हणजे लाल रेघ कारण सांगत नाही. ती अपघाताची आहे, मोर्चाची आहे की रोजचीच, हे तिच्यावरून कळत नाही, आणि थांबावे की उतरावे हा निर्णय तर कारणावरच अवलंबून असतो.

9 मे 2005 रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने कौलूनमधल्या प्रिन्स एडवर्ड रोड ईस्टवर बांबूची परांची कोसळली. रस्ता बंद झाला आणि पाहता पाहता कौलूनचा मोठा भाग तासन् तास खिळून राहिला. त्यानंतर सरकारने आणीबाणीच्या वाहतूक-समन्वयासाठी खास कार्यगट नेमला. तुंबलेला रस्ता मोकळा करण्याइतकाच, मागून येणाऱ्यांना वेळेत आणि नेमके सांगण्याचा प्रश्न त्याच्यापुढे होता. परांची जिथे पडली तिथे करण्यासारखे काम थोडे होते. करण्यासारखे पुष्कळ होते ते शेपटाशी, जिथून अजून वळता येत होते. याच्या उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये एका जहाजाची धडक बसल्याने काप श्वी मुन पूल सुमारे दोन तास बंद ठेवावा लागला आणि विमानतळाच्या बेटाला शहराशी जोडणारा रस्ता व रेल्वे दोन्ही तुटले. तिथे शेपूट कुठे आहे हे कितीही अचूक सांगितले तरी वळायला दुसरा रस्ताच नव्हता. माहितीचे मोल पर्याय असतील तेवढेच असते, आणि ज्या शहरात पर्याय आहेत तिथे माहिती न देण्याला सबब उरत नाही.

हे सगळे मराठी वर्तमानपत्रात लिहिण्याचे प्रयोजन उघड आहे. आपल्या बातम्यांत वाहतूक विस्कळीत होते, ठप्प होते, कोलमडते, वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. ‘कोंडी’ आणि ‘खोळंबा’ हे आपले दोन्ही नित्याचे शब्द आत अडकलेल्याची अवस्था सांगतात, आणि ती सांगण्यात ते फार समर्थ आहेत. कोंडलेल्याचा जीव किती घुसमटतो हे मराठीत एका शब्दात कळते. पण अजून रांगेत न शिरलेल्या माणसाला त्यांतून काहीच मिळत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर रांग लागली, एवढे कळून भागत नाही. गायमुखच्या चढावर ट्रक बंद पडला आहे की खड्ड्यांमुळे वेग घटला आहे, आणि टोक कासारवडवलीला आहे की पार माजिवड्याच्या नाक्याला भिडले आहे, यावर घरातून निघायचे की नाही हे ठरते. टोक नाक्याला भिडले असेल तर घोडबंदरला न जाणारेही त्यात सापडणार, हे हुंग-सुइच्या अनुभवावरून सांगता येते.

यासाठी कँटोनीजकडून शब्द उसना आणायची काहीच गरज नाही. रांगेचे तोंड आणि रांगेचे शेपूट हे कुणालाही न सांगता समजणारे मराठी आहे. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर ओळखीची ठिकाणे विरळ असतात, तिथे तैवानची रीत बरी. तिथल्या महामार्गाच्या बातमीत ‘ह्वेइ-तू’, म्हणजे मागे तुंबत आले, असे म्हणून पुढे किलोमीटर सांगतात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर किलोमीटरचे खांब आहेतच. सुट्टीच्या आदल्या दिवशी बोरघाटात रांग लागली की किती किलोमीटरची, हा आकडा कधीकधी छापूनही येतो, पण ती कुठून कुठवर आणि किती वाजता मोजली हे बहुधा नसते, आणि वेळ नसलेला आकडा तासाभरात निरुपयोगी होतो. महामार्ग पोलिसांच्या प्रत्येक निवेदनात चार गोष्टी असाव्यात, दिशा, तोंडाची जागा व कारण, शेपटाची जागा, आणि शेपूट पाहिल्याची वेळ. वर्तमानपत्रांनी आणि आकाशवाणीने त्यांतली एक जरी गळाली तरी ती विचारून घ्यावी. शहरात शेपटाची जागा चौकाच्या, थांब्याच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या नावाने द्यावी. हे करायला नवे यंत्र लागत नाही, कॅमेरे लागले आहेत, नाक्यावर हवालदार उभा आहे, आणि एसटीच्या नियंत्रण कक्षाला आपली गाडी कुठे अडली हे विचारता येते. वर्षभर अशी नोंद झाली तर कोणत्या नाक्यावर कोणत्या कारणाने शेपूट कुठवर जाते याची एक सार्वजनिक वही तयार होईल. मग पुढच्या उड्डाणपुलाचा किंवा पथकराचा प्रस्ताव येईल तेव्हा ती वही पुढे ठेवून प्रश्न विचारता येतील.